मोहाचं पाणी

माणसाने अजून रानात पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. दरीच्या काठावर एका खडकातल्या खळग्यात पाणी साचलं होतं. त्यात मोहाची फुलं पडून आंबली होती. भोरू नावाचा वानर रोज येऊन ते पाणी प्यायचा.

चिवळी नावाच्या तरुण शेकरूला याचं मोठं नवल वाटायचं. एका सकाळी तिने विचारलंच, "भोरूकाका, झरा जवळ असताना हे उग्र वासाचं पाणी का पिता?"

"याने अंगात बळ येतं, पोरी. हे प्यायलं की दरीपलीकडची फांदी हाताशी येते."

फांदी जवळ कशी येईल, हे चिवळीला कळेना. तिने पाण्याला जीभ लावली. घसा जळला, डोकं हलकं झालं आणि फांदी खरोखरच जवळ दिसू लागली. काठावरच्या झाडावर चढून तिने उडीसाठी अंग आवळलं. पण डहाळी डुलते आहे की आपण, हेच तिला उमगेना, म्हणून ती खोडाला चिकटून बसली.

भोरूने मात्र झेप घेतली. फांदी वीतभर लांब राहिली.

डोकं ताळ्यावर आल्यावर चिवळी दरीत उतरली. भोरू करवंदीच्या जाळीत पडला होता. त्याचा हात मोडला होता.

"फांदी मागे सरकली गं," तो कण्हला.

"ती तिथेच होती, काका. मलाही जवळ दिसली होती."

भोरू हळूच म्हणाला, "फार ठणकतंय. त्यातलंच घोटभर आणतेस?"

चिवळीला आता त्या पाण्याची भीतीच वाटली.

"झऱ्याचं आणते," ती म्हणाली आणि द्रोणासाठी पळसाचं पान तोडायला गेली.