तळ्याचा पहारेकरी

सागाच्या एका रानात तळ्याकाठी प्राण्यांचे विद्यापीठ होते आणि तिथे एक तरुण वानर शिकत असे. मुलांनो, तुमच्या विद्यापीठात पुष्कळ विषय असतील; तिथे एकच होता, तो म्हणजे पहारा. वाऱ्यावरून बिबट्याचा वास ओळखायचा, गवत कशाने हलले ते हेरायचे आणि वेळेवर हाक द्यायची. शेवटच्या परीक्षेत विद्यार्थी उंच जांभळीवर बसे आणि सारे रान त्याच्या भरवशावर पाणी प्यायला उतरे. जो उत्तीर्ण होई त्याला 'तळ्याचा पहारेकरी' म्हणत. त्या रानात याहून मोठा मान नव्हता.

आपला वानर बुद्धीने तल्लख होता. पण त्या विद्यापीठात एक खूळ शिरले होते. सकाळी भेटले की विद्यार्थी एकमेकांना विचारत, "काल किती जागलास?" जो सर्वांत कमी झोपला तो शूर! वानर त्यात सगळ्यांच्या पुढे. कोवळा पाला शोधण्यात वेळ जातो म्हणून तो खाली पडलेली मोहाची फुले तोंडात कोंबी आणि पुन्हा अभ्यासाला बसे. तळे हाकेच्या अंतरावर, पण पाणी प्यायला सवड नाही. उड्या मारणे, खेळणे तर त्याने सोडूनच दिले. हळूहळू तो चिडका झाला. मित्र हसले की दात विचकी. पाठ केलेले आठवले नाही की त्याला रडू येई. मात्र हे तो कुणालाच सांगत नसे.

त्याच्या वर्गात एक भेकर होते. ते पोटभर चरे, मन लावून शिके आणि अंधार पडला की झुडपात शिरून गाढ झोपे. वानर त्याला चिडवी, "झोपाळू कुठला! तू काय पहारा देणार?"

"झोपलो नाही तर मला काही उमगतच नाही रे," भेकर म्हणे. "तू पण चल ना माझ्याबरोबर पाला खायला."

"पाला परीक्षेनंतर!"

त्यांना शिकवणाऱ्या टिटवीबाई तोंडाने फटकळ. त्या म्हणत, "अरे, डोळे हे आपलं हत्यार. ते बोथट करून लढाईला जाणार का?" वानर मान डोलावी आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

परीक्षेच्या दिवशी वानराची आई लांबच्या डोंगरावरून आली. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती, "आमचा मुलगा झोपतच नाही हो! त्याच्या पहाऱ्यात मी डोळे मिटून पाणी पिईन." आणि खरोखरच ती सर्वांत आधी पाण्याला तोंड लावून बसली. वरून ते पाहून वानराची छाती फुगली. पण ऊन कोवळे होते, पोटात नुसता मोह होता आणि कितीतरी रात्रींची झोप डोळ्यांवर साचली होती. पलीकडे गवत हलले. त्याने ते पाहिलेसुद्धा! थकलेल्या डोक्याला वाटले, वारा असेल. मग त्याची मान हळूच छातीवर कलली.

"भ्याक्! भ्याक्!" पाणी पिता पिता भेकर ओरडले. कळप उधळला. आईने झेप घेऊन फांदी गाठली आणि बिबट्याचा पंजा तिच्या शेपटीला चाटून गेला. वानर दचकून जागा झाला. आई बसली होती त्याच जागी आता बिबट्या उभा होता.

शिकार हुकलेला बिबट्या गवतात निघून गेला. आई रागावली नाही. जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाळा, तुझं जागरण मी रानभर मिरवत राहिले. तू जेवलास का, हे एकदाही विचारलं नाही." तेव्हा वानर सगळ्यांदेखत रडला. भेकर झाडाखाली येऊन उभे राहिले. "उद्या पाला खायला येतोस ना?"

"येतो," वानर म्हणाला.

आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. पोटभर खाऊ लागला, खेळू लागला, अंधार पडताच झोपू लागला. पहिल्यांदा त्याला लाज वाटे. पण अभ्यासाला कमी वेळ देऊनही शिकलेले टिकू लागले, तशी ती गेली. हसणेही परत आले.

पुढच्या परीक्षेला आई पुन्हा आली. कळपातले जाणते म्हणाले, "थांबा हो, आज दुसऱ्या कुणाला तरी आधी उतरू द्या."

"का म्हणून? वर माझा मुलगा बसलाय," असे म्हणत ती थेट तळ्यावर गेली आणि पाण्यावर वाकली. गवताची एकच काडी हलली.

"खॅक्! खॅक्! खॅक्!" जांभळीवरून अशी खणखणीत हाक आली की सारे रान एकदम वळले. आपण दिसलो, हे कळताच बिबट्या शेपूट घालून परतला. कधी कुणाला शाबासकी न देणाऱ्या टिटवीबाई तळ्यावर घिरट्या घालत ओरडत सुटल्या, "माझा विद्यार्थी! माझा विद्यार्थी!"

आई मात्र जागची हलली नव्हती. पोटभर पाणी पिऊन तिने तोंड पुसले आणि घरी परतताना ती भेटेल त्याला थांबवून सांगू लागली, "आमचा मुलगा वेळेवर जेवतो हो, गाढ झोपतो. तळ्याचा पहारेकरी आहे तो!"

तात्पर्य : झोप, जेवण आणि खेळ यांतून चोरलेला वेळ ऐन परीक्षेत दगा देतो. शरीर आणि मन जपणे हा विद्यार्थ्याचा पहिला अभ्यास आहे. मिरवायचेच असेल तर तो मिरवावा.