कॉम्प्युटरच्या पोटातले भाडेकरू

माझ्या तोंडात स्वतःचे दात होते त्या काळची गोष्ट. घरातला कॉम्प्युटर इतका रेंगाळू लागला की मी भंगारवाल्याला हाक मारली.

तसा कॉम्प्युटर बोलला, "तात्या, मला विकू नका. फुकटातल्या प्रोग्रामांबरोबर आलेले चौदा हेर माझ्या पोटात बसलेत. तुम्ही काय लिहिता, काय बघता, सगळं बाहेर कळवतात. त्यांच्या ओझ्यानं मी थकलोय."

"खोटारड्या! फुकटातले सगळे प्रोग्राम मी कालच काढले."

"तुम्ही त्यांची पडद्यावरची चित्रं तेवढी पुसलीत. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू जातो होय?"

मी चौथी नापास, पण एवढं कळलं. भंगारवाल्याला वाटेला लावलं. कॉम्प्युटर सांगत गेला तसा एकेकाला मुळासकट उपटलं, मागे राहिलेला कचराही झाडला.

"ह्या चोरांना आत घेतलं कुणी?" मी खेकसलो.

"तुम्हीच. न वाचता प्रत्येकाला 'हो' म्हणालात."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं झळकली, 'फुकट सफाई! इथे दाबा.' माझं बोट निघालंच.

"तात्या!" कॉम्प्युटर किंचाळला.

तेव्हापासून त्याच्यासमोर बसलो की उजवा हात मी मांडीखाली दाबून ठेवतो. ही गोष्ट डाव्या हातानं लिहिली आहे.