शिशाच्या गोळ्या आणि गावजेवण

फार पूर्वीची नव्हे, पण आता जुनी वाटू लागलेली ही गोष्ट. किल्ल्याखालच्या एका गावात नागोजी नावाचा म्हातारा भोई राहत असे. नदीत मासेमारी करावी आणि जाळी विणावी, हा त्याचा धंदा.

त्या गावच्या शेतांत कधीकाळी लढाई झाली होती. नांगरट झाली की बंदुकीच्या जुन्या शिशाच्या गोळ्या वर येत. नागोजी आणि त्याची बायको भिवरा त्या वेचून आणत, वितळवून, जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या काठाला लावायचे मणी करत. भिवरा गेली, नागोजीची नजरही अधू झाली. तेव्हा लेकीने त्याला धातू शोधणारं एक यंत्र आणून दिलं. यंत्र कुईं कुईं वाजलं की म्हातारा वाकायचा, माती उकरायचा आणि गोळी हातात आली की हसायचा. "भिवराला यंत्र लागत नव्हतं," तो वाटेने जाणाऱ्याला सांगायचा. "ढेकळांतली गोळी तिला बांधावरून दिसायची."

एकदा देवाच्या जत्रेआधी एक कल्हईवाला गावात आला. गावजेवणाच्या सात मोठ्या तांब्याच्या पातेल्यांना त्याला कल्हई करायची होती. दोन पातेली झाली आणि कथिल संपत आलं. बाजार दूर, जेवण दुसऱ्या दिवशी. तो नागोजीच्या दारात आला.

"बाबा, तुमच्याकडचं शिसं द्या. थोड्या कथिलात मिसळतो. चकाकी तीच येते, कुणाला कळणार?"

कल्हईवाल्याची नजर फळीवरच्या काळवंडलेल्या पातेल्याकडे गेली.

"हे काकूंचं का? याला खरं कथिल लावून देतो. तेवढं आहे माझ्याकडे. आरशासारखं होईल."

म्हाताऱ्याचा जीव गलबलला. त्या पातेल्यात भिवरा माशांची आमटी करायची. कल्हई उडाल्यापासून आमटी कळकायची, म्हणून त्याने ते वर ठेवून दिलं होतं. चुलीशी बसलेली ती, तो वास, "आधी हात धुवा" हे तिचं ओरडणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

मग तो म्हणाला, "शिसं वितळवलेल्या भांड्यातलं पाणी आमचं वासरू प्यालं होतं. दोन दिवसांत गेलं. तेव्हापासून भिवराने शिसं कधी घरात वितळवू दिलं नाही. आणि तू ते लेकरांच्या ताटात वाढणार?"

"एका जेवणाने काय होतंय, बाबा?"

"पातेली एका जेवणापुरती नाहीत. तुझं उरलेलं कथिल गावाच्या पातेल्याला लाव."

"आणि हे असंच राहू द्यायचं? वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण ते दुःख माझ्या घरात राहील, शिसं गावाच्या पोटात जाणार नाही."

कल्हईवाल्याने मान खाली घातली आणि तो निघून गेला. उरलेल्या कथिलात तिसरं पातेलं जेमतेम झालं.

दुसऱ्या दिवशी आमटी त्या तीन पातेल्यांत शिजली. भातासाठी कुंभाराकडून मडकी आणावी लागली. पंगती दुपार कलेपर्यंत चालल्या आणि लोक कुरकुरू लागले. तेव्हा कल्हईवाला सगळ्यांसमोर उभा राहिला.

"कथिल कमी आणलं, चूक माझी आहे. शिसं मिसळून वेळ मारून नेणार होतो. या बाबांनी अडवलं."

मग पाटलांची म्हातारी आई म्हणाली, "खरं बोललास ना? मग उभा काय राहिलास, वाढायला घे."

त्याने शेवटच्या पंगतीपर्यंत वाढलं. आठ दिवसांनी कथिल घेऊन येतो, असा शब्द दिला आणि पुढे तो पाळलाही. सगळे उठल्यावर तो नागोजीच्या शेजारी जेवायला बसला.

नागोजी घास हातात धरून म्हणाला, "भिवरा असती, तर घरी जाऊन तिला हे सगळं सांगितलं असतं."

"मला सांगा, बाबा," कल्हईवाला म्हणाला. "कशा होत्या काकू?"

आणि कितीतरी दिवसांनी नागोजी पोटभर बोलला.

तात्पर्य: जे आपण आपल्या माणसाच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्याही ताटात वाढू नये.