लाल फडक्याचं ओझं

‘‘दादाच्या डोक्यावर त्या दिवशी काय होतं?’’ हा प्रश्न हैबतनं साऱ्यांना विचारला.

एका राज्यात मालाची ने-आण हमाल डोक्यावरून करीत. तातडीच्या ओझ्याला लाल फडकं बांधत, आणि लाल ओझ्याबद्दल काही विचारायचं नाही, अशी रीत होती. त्या फडक्यांवर जादू पडली. ओझं पोचेपर्यंत हमालाचे पाय थांबेनात. पुढे सगळीच ओझी लाल झाली. नदीवर नावेपाशी गर्दी तुंबे आणि माणसं उभ्या जागी पाय आपटीत राहत. हैबतचा थोरला भाऊ खेलोजी असाच धावता धावता छाती फुटून मेला.

त्याच्या राखेपाशी एक साळुंकी बोलली, ‘‘तीन लाल ओझी पोचव. ओझं डोक्यावर असेतो विचार, उशीर झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? तेव्हा घेणाऱ्याला खोटं बोलता येत नाही. जादू घालणारा खरं बोलला की जादू सुटेल.’’

‘‘तुला कुणी पढवलं?’’ हैबतनं डोळे बारीक केले.

‘‘तुझ्या भावालाही सांगत होते. तो ऐकायला थांबू शकला नाही.’’

हैबतचा विश्वास बसला नाही. तरी त्यानं ओझं उचललं.

पहिलं सेनापतीकडे गेलं. नाल होते. ‘‘पुढल्या वर्षी आले असते तरी चाललं असतं,’’ सेनापती म्हणाला आणि स्वतःच चपापला.

दुसरं राजाकडे. चंदन होतं. ‘‘हे मी मागवलंच नव्हतं,’’ राजा म्हणाला. जादू घातल्याचा हैबतला राजावरच संशय होता. तो तिथं फिटला.

तिसरं कोठीप्रमुख कालदंताकडे. वाटेत हैबतच्या मानेवरून गार पाणी ओघळू लागलं.

‘‘उतरव, बर्फ वितळतोय,’’ कालदंत म्हणाला.

‘‘वितळू दे. उशीर झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?’’ हैबतचे पाय फरशीवर थडथडत होते.

कालदंतानं ओठ आवळले. ते आपोआप उघडले. ‘‘कुणाचंच काही नाही. लाल फडकं बांधल्याशिवाय माझं ऐकतं कोण?’’

राज्यभरची फडकी पांढरी पडली. हैबतचे पाय थांबले, पण ओझं त्यानं उतरवलं नाही.

‘‘माझ्या दादाच्या डोक्यावर काय होतं?’’

‘‘आठवत नाही,’’ कालदंत म्हणाला. आणि ते खरं होतं.

राजानं कालदंताला कोठीतून काढलं. तेव्हापासून ‘उशीर झाला तर कुणाचं काय बिघडेल?’ हे विचारल्यावाचून लाल फडकं मिळेना. दाईची औषधं, विंचवाचा उतारा, बुडत्या गावाला दोर, एवढंच पुढे जाऊ लागलं.

मग हैबतनं खेलोजीची राख मडक्यात भरली आणि सावकाश चालत नदीवर गेला.

‘‘तातडीचं आहे का रे?’’ नावाड्यानं विचारलं.

‘‘नाही,’’ हैबत म्हणाला. ‘‘मागच्यांना आधी जाऊ द्या.’’

मडकं मांडीवर घेऊन तो काठावर बसला. सगळी माणसं पार झाल्यावर उठला आणि शेवटच्या नावेत चढला.