खुरातला खडा

फार फार पूर्वी, जिथे दर आठवड्याला गुरांचा मोठा बाजार भरायचा अशा एका गावात एक म्हातारा पारखी राहत असे. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा दात बघून बैलाचं वय सांगायचे, चाल बघून स्वभाव सांगायचे, आणि कोणी विचारलं नाही तरी दोन्ही सांगायचे. त्यांनी मान डोलावली की गिऱ्हाईक दुसरा विचार करत नसे. कोणी बाजारात फसला, तर आबा त्याची अशी काही फिरकी घ्यायचे की बिचारा महिनाभर तोंड लपवून फिरायचा.

त्याच गावात एक विधवा बाई तेलाचा घाणा चालवायची. तिचा बैल मेला आणि घाणा थांबला. घरात दोन लहान लेकरं होती. तिने आपले चांदीचे तोडे फडक्यात बांधून आबांच्या हाती दिले.

"आबा, याउपर माझ्याकडं काही नाही. तुमच्या नजरेनं एक बैल निवडून द्या."

"पोरी, तू निर्धास्त राहा," आबा म्हणाले. "मला बनवणारा अजून जन्माला यायचाय."

बाजाराच्या कडेला एक परगावचा माणूस बैल धरून उभा होता. बैल देखणा, भरल्या अंगाचा, पण पुढच्या पायाने लंगडत होता. तो माणूस कोणालाही हाका मारत नव्हता. आबा जवळ गेले, तर तो उलट ओशाळला.

"तुम्ही नका बघू, आबा. तुमचं नाव ऐकून आहे मी. तुमच्यासारख्यानं हात लावावा असा नाही हा. लंगडा आहे बिचारा."

आता 'बघू नका' म्हटल्यावर आबा बघितल्याशिवाय राहणार होते का! त्यांनी बैलाचा पाय उचलला. खुराच्या फटीत एक टोकदार खडा रुतून बसला होता. आबांना मनातल्या मनात हसू फुटलं. बैल तर ठणठणीत आहे, नुसता खडा बोचतोय, आणि या खुळ्याला त्याचा पत्ताच नाही! त्यांनी चेहरा कोरा ठेवून पाय हळूच खाली सोडला.

खरं तर खडा काढून बैलाला ओढ्यापर्यंत चालवून बघायला हवं होतं. तरुणपणापासून आबा प्रत्येक जनावर तसंच बघत आले होते. पण खडा काढला तर मालकाला कळणार, आणि मग एवढ्याशा चांदीत तो असा बैल कशाला देईल? त्यात तो माणूस घाई करत होता.

"माझ्या सोबतची माणसं निघाली. काय द्यायचं ते द्या, नाहीतर राहू द्या," तो म्हणाला.

आबांनी तोडे दिले आणि दावं हातात घेतलं. बाईचं भलं केल्याच्या समाधानात ते घराकडे निघाले.

वाटेत त्यांनी खडा काढला. बैल लंगडतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला घाण्याला जुंपलं, तर चार फेऱ्यांत तो गुडघ्यांवर बसला आणि काही केल्या उठेना. त्याच्या खांद्याचं दुखणं जुनं होतं. खडा मुद्दाम बसवलेला होता, आबांना सापडावा म्हणूनच.

आबांना आता सगळा डाव उमगला. त्या माणसाने आपल्याला एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. बैल लंगडा आहे, हेच तर तो सांगत होता. दुसऱ्याने सांगितलेलं आपण दहादा तपासतो, पण स्वतःला सापडलेलं कोण तपासतो? त्या लबाडाला हे नेमकं माहीत होतं.

बाई डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, आबा? कोणाची तरी दृष्ट लागली असेल. माझं नशीबच फुटकं."

आबांना सुटायला वाट मिळाली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर नाव राहिलं असतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून त्यांना ते 'हो' म्हणवेना.

"नशीब नाही, पोरी. मी फसलो. हावरटपणानं फसलो. माझ्या गोठ्यातला बैल घेऊन जा, तो आता तुझा."

पुढच्या बाजारी आबा पारावर चढले आणि घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. बाजार खो खो हसला. हसला नाही तो फक्त शेजारगावचा एक मोठा व्यापारी.

"खडा डाव्या पायात होता का?" त्याने विचारलं.

"हो. तुला कसं कळलं?"

"माझ्या बैलाच्याही डाव्याच पायात होता. तीन वर्षं झाली. बायकोलाही सांगितलं नाही."

मागून आणखी एकाने हळूच हात वर केला. मग आणखी एकाने. हसणं थांबलं.

आबा संतापले. "तीन वर्षं! अरे, तू तेव्हाच बोलला असतास तर या बाईचे तोडे गेले नसते!"

"बोललो असतो, आबा," व्यापारी म्हणाला. "पण सगळे हसले असते. आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही."

आबांनी मान खाली घातली, कारण ते खरं होतं.

तात्पर्य एवढंच: ठकाला पहिला हात देते आपली हुशारीची घमेंड आणि दुसरा हात देतं आपलं गप्प बसणं, म्हणून फसलेल्याने बोलावं आणि ऐकणाऱ्याने हसू नये.