कोंबडतुऱ्याचा फोटो

एका गावात एक भोळा होता. तसे भोळे गावोगाव असतात. पण नांदूरखिंडीचा सखाहरी सांगितलेला शब्द न् शब्द पाळायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

त्याचे मामा आबाजी लोहोकरे म्हणजे गावचे फोटोवाले. चाळीस वर्षं त्यांनी रंगवलेल्या डोंगराच्या पडद्यापुढे नवरानवरीला उभं केलं. खिडकीतून दिसणाऱ्या खऱ्या डोंगराचा, कोंबडतुऱ्याचा, मात्र एक फोटो काढला नाही. आता खाणवाले तो डोंगर सुरुंगाने उडवणार म्हटल्यावर मामांना गहिवर आला. झाडन् झाड दिसेल असा त्याचा एक मोठा फोटो हवाच! त्यासाठी भात्याचा लाकडी कॅमेरा हवा, तळहाताएवढी एकेक फिल्म घेणारा. मामांचे गुडघे धरलेले. शहाणं कुणी मोकळं नव्हतं. मग सखाहरी शहरात निघाला.

“टेकाड चढायचंय. हलका बघून निवड,” मामा म्हणाले.

सखाहरीने दुकानातले सगळे कॅमेरे उचलून पाहिले आणि सगळ्यांत हलका आणला.

“आन् मामा, म्होरचं भिंग काढून तिथंच ठिवलं. आनखी हलका झाला!”

मामांनी कपाळावर हात मारला. “अरं येड्या, भिंग म्हंजी कॅमेऱ्याचा जीव! जा, घिऊन ये. उजेडात धरून नीट निरख. डाग नसंल तरच घे.”

सखाहरीने भिंग निरखलं, बिनडागी आणलं. पोरगा सुधारला, असं मामांना वाटलं. शहाणी माणसं अशीच फसतात. त्यांनी त्याला फिल्म आणायला धाडलं.

सखाहरीने दुकानाबाहेर उन्हात डबा फोडला. पंचवीस फिल्मा एकेक करून सूर्याकडे धरल्या आणि घरी आला.

“मामा, येकीवर बी डाग न्हाई!”

पंचवीसच्या पंचवीस वाया. मामा ओरडले, “फिल्मला उजेड दावायचा न्हाई! जीव गेला तरी न्हाई!”

“बरं,” सखाहरी म्हणाला आणि मनाशी गाठ मारून घेतली.

दुसरा डबा येईतो सुरुंगाचा दिवस उजाडला. मामांनी अंधाऱ्या खोलीत स्वतः फिल्म बंद चौकटीत भरून दिली. सगळं घोकून घेतलं. समोरच्या टेकाडावर कॅमेरा मांडायचा, मागच्या काचेवर डोंगर बघायचा, चौकट कॅमेऱ्यात बसवायची, फिल्मपुढची झापड ओढायची, बटण दाबायचं. सखाहरी गेला, आला. दुपारी मोठा धडाका झाला आणि कोंबडतुरा खाली बसला.

मामांनी फिल्म धुतली. ती पाण्यासारखी कोरी निघाली.

“बटन दाबलंस का रं?”

“दाबलं की! पर झापड वढायच्या आधी भिंगावर झाकन घट्ट बसवलं. उजेडाचा कवडसा आत जाऊ दिला न्हाई, मामा!”

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्यांना फारच आनंद झाला, असं सखाहरीला वाटलं. त्याने फिल्म खिडकीशी नेऊन उजेडात धरली. खिडकीत आता नुसतं आभाळ होतं.

“बघा मामा,” तो म्हणाला, “एक बी डाग न्हाई!”