राणीने मागितले नव्हते ते फूल

एका राज्यात उत्तरेच्या वेशीपासून वाळवंट सुरू होई, आणि दर वसंतात तीन दिवस ते नजर पोचेल तिथवर फुलून येई. सारी प्रजा ते पाहायला निघे. नेम दोनच होते. वाळवंटात अनवाणी चालायचे, पालखी नाही की घोडा नाही. आणि परतताना सीमेच्या शिळेपाशी वस्त्रे झटकायची, वाळवंटाचे एक बीसुद्धा घरी न्यायचे नाही. हे नेम एका जुन्या मांत्रिकाने घातले होते आणि त्यांना शापाची गाठ मारून ठेवली होती.

तिथला राजा मेघवर्मा. त्याची राणी कुमुदावती बारा वर्षे पायांनी अधू होती, म्हणून तिला वसंत ठाऊक नव्हता. राजा परतला की ती विचारी, "महाराज, काय पाहिलेत?" राजा म्हणे, "फार सुंदर होते," आणि जेवायला बसे. राजेच ते! वर्णनाला पदरी भाट असताना स्वतःची जीभ कोण झिजवतो?

तेराव्या वर्षी राजाला त्या प्रश्नाचा कंटाळा आला, आणि थोडी लाजही वाटली. त्याने एक जांभळे फूल मुकुटात दडवले. शिळेपाशी वस्त्रे झटकली, मुकुट तेवढा झटकला नाही. घरी येऊन त्याने फूल राणीच्या हाती दिले.

"हा घे वसंत," तो म्हणाला.

राणीची दृष्टी फुलाला खिळली ती खिळलीच. ती अन्न घेईना, पाणी घेईना, राजाला ओळखेना. तिकडे वाळवंटातली सारी फुले घटकाभरात करपून गेली.

राजा शिळेकडे धावला. तिथे एक माळढोक उभा होता. त्या राज्यात पक्षी बोलत, पण कामापुरतेच.

"उःशाप सांग," राजा म्हणाला.

"तीन दिवस उजाड वाळवंटात जा. रोज सांजेला, काय पाहिलेस ते राणीला सांग. ते ऐकून तिने फुलावरून नजर काढली तर शाप सुटला. नाही तर चौथ्या सूर्योदयाला तिचे डोळे स्फटिकाचे होतील."

"उजाड वाळवंटात पाहायचे तरी काय?"

"मला का पुसतोस? डोळे तुला आहेत."

पहिल्या दिवशी राजा बाभळीच्या सावलीत बसून परतला. सांजेला त्याने भाटाने रचून दिलेले म्हटले. सोन्याची वाळू, माणकांच्या टेकड्या. राणी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो खरे तेवढेच बोलला. "वाळू होती. पुढेही वाळू होती. एक बाभूळ होती." राणीची पापणी लवली, पण नजर तिथेच राहिली. राजाला मनापासून भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी तो पहाटेपासून चालला. सांजेला पायांना फोड घेऊन आला आणि राणीपाशी जमिनीवरच बसला.

"कुमुद, एक सरडा पाहिला. वाळू तापली की तो एक पुढचा आणि एक मागचा पाय वर धरतो. मग ते टेकवून दुसरे दोन उचलतो. माझेही पाय पोळत होते. मीही एक उचलला, मग दुसरा. मुकुट घसरून नाकावर आला. सरडा माझ्याकडे पाही, मी सरड्याकडे. दोघे किती वेळ तसेच नाचत होतो! वाटले, तू असतीस तर हसली असतीस. इतके वसंत पाहिले, पण हे एकदाही मनात आले नव्हते गं."

राणी हसली. आधी ओठांत, मग मोठ्याने. आणि हसता हसता तिने राजाकडे पाहिले. फूल कोमेजले. तिच्या तळहातावर चार बिया उरल्या.

"मी फूल मागितले नव्हते, महाराज," ती म्हणाली. "काय पाहिलेत, एवढेच विचारले होते."



सकाळी राजाने बिया शिळेपलीकडे नेऊन पेरल्या. पुढच्या वसंतात वाळवंट पुन्हा फुलले. राजा मुकुट घरी ठेवून गेला, परतताना वस्त्रे झटकली, आणि रिकाम्या हातांनी महालात आला.

"महाराज, काय पाहिलेत?"

वाढलेली ताटे निवून गेली, तरी राजाचे सांगणे सरले नव्हते. त्या राणीला वसंत जसा घरी पोचला, तसा तो घरी राहिलेल्या साऱ्यांना पोचो.